उतारावरचा हिशेब

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'धनी' हा विषय ठरविला आणि त्यावर काही लिहावे असे मला कळविले, तेव्हा घरधनी, जमिनीचा धनी, शब्दाचा धनी, धनको अशा या शब्दाच्या नाना अर्थच्छटा कागदावर मांडून त्यांतून एखादा ललित निबंध उभा राहतो का, हे पाहण्यात मी पहिले दोन दिवस घालविले. तिसऱ्या दिवशी खोपोलीस राहणाऱ्या एका स्नेह्याशी सहज बोलणे झाले आणि त्याने माझा तो कागदी खटाटोप दोन वाक्यांत निकालात काढला. "धनी बघायचा तर पेढीवर कशाला जातोस, साजगावला ये," तो म्हणाला. "इथल्या पोरांच्या खिशात धनी असतो आणि दर वीस मिनिटांनी वाजतो."

तेव्हा भाद्रपदातल्या एका उघडिपीच्या सकाळी कर्जतेस गाडी बदलून मी खोपोलीस उतरलो. साजगाव हे खालापूर तालुक्यातले, खोपोलीला खेटून बसलेले गाव. मागे सह्याद्रीची भिंत, एका अंगाला पोटरीला आलेली भाताची खाचरे आणि दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडी. पंचक्रोशीबाहेर या गावाची ख्याती आहे ती कार्तिकी एकादशीपासून ताकईस भरणाऱ्या विठोबाच्या यात्रेमुळे. त्या यात्रेत सुक्या मासळीचा बाजार असा काही फुलतो, की भाविकांनी प्रत्यक्ष पंढरीनाथालाच 'बोंबल्या विठोबा' करून टाकले आहे. यात्रेला अजून अवकाश होता. रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या बांधलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि एका टपरीवर माझा स्नेही, माझा चहा आणि मला ज्याला भेटायचे होते तो तरुण, असे तिघेही वाट पाहत होते.

त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण तो अजून त्याच शेठकडे नोकरीस आहे. वय तेवीस. दहा चाकी ट्रक चालवितो. खोपोलीच्या आसमंतातल्या कारखान्यातून पोलादाच्या कॉइली भरून घाट चढतो, चाकण-तळेगावच्या बाजूला रिकाम्या करतो आणि तिकडून जे मिळेल ते भाडे घेऊन कळंबोलीस किंवा न्हावा-शेव्याच्या बंदरावर उतरतो. आमचे बोलणे सुरू होऊन पाच मिनिटे झाली नसतील, तोच बाकड्यावर ठेवलेला त्याचा फोन थरथरू लागला. मी सहज तिकडे पाहिले. पडद्यावर, जेथे फोन करणाऱ्याचे नाव यावे तेथे, 'घाटात उचलू नको' अशी अक्षरे उमटली होती.

"शेठचा नंबर आहे," तो किंचित ओशाळून म्हणाला. "नाव असं ठेवलं की हात आपोआप मागं येतो."

किन्नराची शाळा

या धंद्यात कोणी थेट सुकाणूवर बसत नाही. आधी क्लीनर व्हावे लागते, ज्याला रस्त्यावर सर्रास 'किन्नर' म्हणतात. काचा पुसणे, ताडपत्री ओढून रस्सी आवळणे, लोखंडी पान्याने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखणे, मागे येताना गाडीच्या बुडाशी उभे राहून 'येऊ दे, येऊ दे' असे ओरडणे आणि रात्री वस्तादाचे पाय चेपणे, असा तो अभ्यासक्रम. कायद्याचे म्हणणे असे, की अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर खाजगी हलके वाहन चालविता येते, मालवाहू किंवा प्रवासी वाहनाला मात्र वीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि त्याआधी निदान एक वर्ष हलक्या वाहनाचा परवाना हाती असावा लागतो. आमच्या तरुणाने हे सर्व सोपस्कार परिवहन कार्यालयात हेलपाटे घालून यथासांग केले. पण त्याच्या लेखी खरी परीक्षा निराळी होती. गाडी वस्तादाने शिकविली. शेठही वस्तादानेच शिकविला.

"वस्ताद मला बोलले, शेठ ओरडायला लागला की मोजायचं. एकच वाक्य तिसऱ्यांदा आलं की समजायचं आता संपलं. मधे बोललास की पुन्हा पहिल्यापासून."

मी स्वतः एके काळी एका दप्तरात सात वर्षे काढली आहेत आणि तेथील वरिष्ठांच्या तापट स्वभावावर आम्ही कनिष्ठांनी जे नाना तोडगे शोधले होते त्यांत हा तोडगा कोणाला सुचला नव्हता, याची मला टपरीवर बसून थोडी खंत वाटली.

परंतु ओरडणे हा शेठच्या जाचातला सर्वांत निरुपद्रवी भाग आहे, हे पुढच्या तासाभरात माझ्या ध्यानी येत गेले. शिव्या ऐकून सोडून देता येतात. जाच असतो तो हिशेबात, आणि हिशेब मुनीमजीच्या वहीत, शांतपणे, निळ्या शाईने लिहिलेला असतो.

खर्ची, उचल आणि ॲव्हरेज

प्रत्येक खेपेला निघताना शेठकडून जी रोकड मिळते ती 'खर्ची'. पूर्वी या खर्चीचा पैस मोठा होता. टोल रोखीने भरला जाई, महानगरांच्या वेशींवर जकात होती, डिझेल वाटेल त्या पंपावर घेता येई, आणि या सगळ्यांतून ड्रायव्हरच्या हाती चार पैसे सुटत. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोल परस्पर शेठच्या खात्यातून जाऊ लागला. डिझेल ठरलेल्या पंपावर शेठच्या उधारीवर. गाडी कोठे आहे, किती वेळ उभी आहे, हे कळंबोलीच्या पेढीवर बसून मोबाइलच्या नकाशावर दिसते. आता खर्चीत उरले काय, तर जेवणखाण, पंक्चर, वजनकाट्याचे पैसे, माल उतरविणाऱ्यांची चहापाण्याची मागणी आणि ज्यांची पावती कधीच मिळत नाही असे काही रस्त्यावरचे खर्च. हे शेवटचे खर्च शेठला ठाऊक असतात, मान्य असतात आणि हिशेबाच्या दिवशी तो नेमका त्यांच्याच पावत्या मागतो.

दुसरी गोष्ट 'उचल'. बहिणीचे लग्न, आईचे आजारपण, घरावर पत्रे घालणे, अशा निमित्ताने शेठ पंचवीस-पन्नास हजार उचलून देतो. व्याज लावीत नाही, आणि देताना त्याच्या स्वरात खरा जिव्हाळाही असतो. पण त्या दिवसापासून चाकर बांधला जातो. उचल फिटेपर्यंत नोकरी सोडण्याची भाषा काढता येत नाही. आणि कित्येक शेठ तारण म्हणून मूळ परवाना स्वतःच्या कपाटात ठेवून घेतात. या एका बाबतीत नव्या यंत्रयुगाने चाकराला थोडा हात दिला आहे. २०१८ पासून डिजिलॉकरमधला परवाना कायदेशीर मानला जातो. त्यामुळे कपाटातले कार्ड आता तितकेसे भीतिदायक राहिलेले नाही. "परवाना द्या बोलले तर मी देतो," तरुण म्हणाला. "मोबाइलमधे आहे ना. पण उचल घेत नाही. घरी पत्रे गळतात, तरी नाही."

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत मासलेवाईक गोष्ट म्हणजे 'ॲव्हरेज'. एका लिटरात गाडी किती किलोमीटर गेली पाहिजे याचा आकडा शेठ ठरवितो आणि त्याहून अधिक जळालेल्या डिझेलचे पैसे पगारातून कापतो. शेठने ठरविलेला आकडा चारचा. भरल्या गाडीने घाट चढून, भरल्या गाडीनेच परत येऊन, वाहतुकीच्या कोंडीत दोन तास इंजिन चालू ठेवून प्रत्यक्षात पडतो तो साडेतीनच्या थोडा वर. एकशे साठ किलोमीटरांच्या खेपेला चारच्या हिशेबाने चाळीस लिटर पुरावे, ३.६ च्या हिशेबाने साडेचव्वेचाळीसच्या जवळ लागतात. लिटरला नव्वद धरले तरी खेपेमागे चारशे रुपये, आणि महिन्याला वीस खेपा धरल्या तर आठ हजार. ही कपात होताना 'तू डिझेल विकलेस' असे शब्द उच्चारले जात नाहीत, पण ते खोलीत हजर असतात; आणि काही ड्रायव्हर टाकीतून डिझेल काढून विकतात हेही खरे असल्यामुळे प्रामाणिक माणसाला नुसते रागावून भागत नाही.

येथे त्या तरुणाने खिशातून एक वही काढली. शाळकरी मुलांची असते तशी, दोनशे पानी, कोपरे तेलकट झालेली. प्रत्येक खेपेची तारीख, निघतानाचे आणि पोहोचल्याचे किलोमीटर, टाकीत पडलेले लिटर, काट्यावरचे वजन आणि शेवटच्या रकान्यात 'घाट २ तास बंद' किंवा 'कंपनीत ५ तास उभी' असे शेरे. दोन महिने त्याने हे लिहिले आणि मग शेठला न दाखविता मुनीमजीला दाखविले. मुनीमजी साठीचे, जुन्या वळणाचे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून पाने उलटली, काही न बोलता वही परत दिली. पुढच्या हिशेबाला शेठने नेहमीप्रमाणे आरडाओरडा केला. वस्तादाच्या गणिताप्रमाणे तीन वाक्ये झाली. आणि त्याच्या पुढच्या महिन्यात, कोणीही काहीही जाहीर न करता, चारचा आकडा ३.७ झाला.

"३.६ का नाही?" मी विचारले.

"शेठ आहे ना तो," तो हसून म्हणाला.

न्यूट्रल

हा तरुण चढतो-उतरतो त्या बोरघाटातून चाकांच्या गाड्यांचा रस्ता झाला तो १८३० साली, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत. त्याआधी ही वाट बैलांची आणि तट्टांची होती. लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला, द्रुतगती मार्ग २००२ मध्ये सबंध खुला झाला. रस्ते पालटले, पण घाटमाथा आणि कोकणचा तळ यांमधले सुमारे पाचशे मीटरांचे अंतर कोणत्याही अभियंत्याला कमी करता आलेले नाही. दहा चाकी भरलेला ट्रक म्हणजे कायद्याने कमाल साडेअठ्ठावीस टन. एवढे ओझे पाचशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते, तिचा ढोबळ हिशेब केला तर ती चार लिटर डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेइतकी भरते. शेठ आणि चाकर यांच्यामध्ये ज्या चार-साडेचार लिटरांचा वाद महिनोन्‌महिने चालतो, जवळजवळ तेवढीच आग ब्रेकच्या ढोलांत आणि इंजिनात निवावी लागते, हा योगायोग मला अजून अस्वस्थ करतो.

ही आग इंजिनाने सोसावी यासाठी जुन्या वस्तादांचा दंडक असा, की ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की चाके इंजिनाला फिरवितात, इंजिन त्यांना धरून ठेवते आणि ब्रेकला अधूनमधून पाय लावावा लागतो इतकेच. याउलट गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिन मोकळे, चाके मोकळी, आणि सगळा भार ब्रेकवर. पहिल्या दोन वळणांत काहीच होत नाही. मग ढोल तापून फुगतो, लायनर जळका वास सोडू लागतो, पाय दाबला तरी पकड येत नाही, पुनःपुन्हा दाबल्याने टाकीतली हवा उतरत जाते. आणि वर्तमानपत्रांत ज्याला 'ब्रेक निकामी झाला' असे म्हणतात तो प्रकार पुष्कळदा अशा रीतीने, वळणावळणाने, घडून येतो.

एवढे सर्व ठाऊक असून माणसे घाटात न्यूट्रल का करतात? ॲव्हरेजसाठी. उतारावर इंजिन मंद फिरत ठेवले तर पाव-अर्धा लिटर वाचतो, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि जुन्या इंजिनांच्या बाबतीत ती अगदीच निराधार नव्हती. गंमत अशी, की १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा गाड्यांत उतारावर गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सोडलेला असला, तर इंजिन डिझेल घेणेच थांबविते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल पाजावेच लागते. म्हणजे शेठची नवी गाडी ज्या युक्तीने डिझेल वाचवीत नाही, त्या युक्तीवर शेठचा जुना हिशेब बेतलेला आहे. शिकविणाऱ्यांनी नुसते 'न्यूट्रल करू नका' असे फलक लावण्यापेक्षा हे एवढे एक वाक्य पेढ्यापेढ्यांवर जाऊन सांगितले, तर त्याचा उपयोग अधिक होईल असे मला वाटते, कारण पेढीवरच्या माणसाला जिवाची भाषा उशिरा कळते आणि लिटरची लगेच.

२०२५ च्या जुलैत याच घाटात आडोशी बोगद्याजवळ ब्रेक निकामी झालेल्या एका कंटेनरने वीसएक वाहनांना धडक दिली आणि त्यात एका स्त्रीचा मृत्यू झाला. त्या अपघाताची कारणमीमांसा करण्याचा मला अधिकार नाही. पण टपरीवर ती हकीकत निघाली तेव्हा बाकड्यावरचे दोघेतिघे ड्रायव्हर एकाएकी गप्प झाले, आणि मग त्यांतला सर्वांत वडीलधारा, ज्याला बाकीचे मामा म्हणत होते, इतकेच म्हणाला, "त्याचा पण फोन वाजत असंल."

जुन्या घाटरस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणारा हा धनगर; साहेबाने 'काय बक्षीस हवे' असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी लोककथा आहे. इतिहासाच्या कसोटीवर ती कितपत उतरते हा प्रश्न वेगळा. येणारे-जाणारे ड्रायव्हर मात्र आजही तेथे नाणे टाकतात. द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या गाडीला हे देऊळ वाटेत लागत नाही. आमचा तरुण खोपोलीतून निघताना त्या दिशेला पाहून कपाळाला हात लावतो. "वाट त्यानं दाखवली आणि पगार काय भेटला बघा," असे म्हणून त्याने दिलेली पुस्ती कोणत्याही चरित्रकाराला सुचली नसती.

काट्याची चिठ्ठी

२०१८ साली केंद्र सरकारने ट्रकांची वजनमर्यादा वाढविली. दहा चाकी गाडीची मर्यादा पंचवीस टनांवरून साडेअठ्ठावीसवर गेली. ओझे वाढविण्याची जी भूक होती ती याने भागेल असे वाटले होते, पण भूक ही मर्यादेबरोबर चालणारी गोष्ट आहे. परतीच्या भाड्यात दोन टन जास्त भरले तर ते दोन टन निव्वळ नफ्याचे, असा व्यापारी हिशेब. आणि धरले गेले तर कायद्यात दंड वीस हजार, शिवाय प्रत्येक जादा टनाला दोन हजार, व जादा माल उतरविल्याशिवाय गाडी पुढे हलवायची नाही. दंड शेठ भरतो असे म्हणतात. मग तो महिनाअखेरीस चाकराच्या खात्यात कसा उगवतो, हे कोडे मुनीमजीच जाणोत.

एके संध्याकाळी चाकणजवळच्या एका काट्यावर आमच्या तरुणाची गाडी सव्वातीस टन भरली. त्याने शेठला फोन लावला. तो संवाद त्याने मला जसाच्या तसा करून दाखविला, शेठच्या खाकरण्यासह.

"शेठ, पावणेदोन टन वरती हाय."

"अरे मग? पहिल्यांदा भरतोस का?"

"नाही शेठ. फक्त तुम्ही मेसेज टाका, गाडी काढ म्हणून. मी निघतो."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग शेठ म्हणाला, "मेसेज कशाला? सांगतोय ना तोंडानं."

"तोंडानं मला ऐकू येतंय शेठ. नाक्यावर साहेबाला नाही यायचं. आणि गाडी उद्या दुपारपर्यंत अडकली तर तुमचीच परवाची कॉइल जाईल."

पावणेदोन टन उतरविले गेले. या तीन वाक्यांत केवढे कौशल्य आहे, हे पाहण्यासारखे आहे. त्याने नकार दिला नाही. अवज्ञा केली नाही. नीतीचा उच्चार केला नाही. त्याने हुकूम लेखी मागितला आणि नुकसान शेठच्या पदरात मांडून दाखविले. त्याला ठाऊक नव्हते, पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११३ व्या कलमात अशी तरतूद आहेच, की जादा वजनाच्या गाडीचा चालक हा तिचा मालक नसेल, तर तो गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमावरून घडला असे न्यायालय गृहीत धरू शकते. मी त्याला हे सांगितले तेव्हा त्याने वही उघडून 'कलम ११३' एवढे लिहून घेतले आणि विचारले, "हे शेठला माहिती असंल का?"

कळंबोलीची खुर्ची

शेठला भेटल्याशिवाय शेठविषयी लिहिणे अन्यायाचे झाले असते, म्हणून चाकराचा उल्लेख न करता, वाहतुकीच्या धंद्यावर लिहितो आहे एवढेच सांगून, मी कळंबोलीच्या लोखंड बाजारातली ती दहा बाय बाराची पेढी गाठली. लक्ष्मीची तसबीर, दोन फोन, तीन गाड्यांच्या हप्त्यांची तारखेप्रमाणे लावलेली कागदपत्रे. मनुष्य पन्नाशीचा, गोड बोलणारा, स्वतः एके काळी गाडी चालविलेला. भाड्याचे पैसे साठ ते नव्वद दिवसांनी येतात, डिझेलचे आठवड्याला द्यावे लागतात, हप्ता पाच तारखेला जातो. गाडी एक दिवस उभी राहिली तर काय होते, हे त्याने मला बोटांवर मोजून दाखविले. आम्ही बोलत असता त्याचाही फोन वाजला. पलीकडे ज्याने काम दिले तो बडा ट्रान्सपोर्टर होता, आणि शेठने उभे राहून, 'हो साहेब, निघालीच आहे साहेब' असे तीनदा म्हटले. मी नकळत वाक्ये मोजीत होतो.

आपल्या देशातल्या बहुसंख्य ट्रकांचे मालक असे पाच-सहांच्या आत गाड्या असलेलेच आहेत, आणि येथे कायद्याची मोठी मौज आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली जो कायदा झाला त्यात दिवसाला आठ तास काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस, मध्ये विश्रांती, साप्ताहिक सुटी असे सर्व काही होते. पण तो लागू होण्यासाठी त्या व्यवसायात किमान पाच कामगार असावे लागत. २०२० च्या नव्या श्रमसंहितेत तर हा आकडा दहा झाला. तीन गाड्या, तीन चालक, एक मुनीमजी: आमचा शेठ जुन्या कायद्याच्या उंबऱ्याबाहेर एका माणसाने राहत होता आणि नव्याच्या उंबऱ्याबाहेर ऐसपैस राहतो. पगारातून नुकसानीची कपात करण्याआधी चाकराचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हा नियम १९३६ च्या वेतन कायद्यापासून आहे. तो पेढीवर कोणी वाचून दाखवीत नाही.

ज्या गाडीत हा तरुण बसतो तिच्यात माल चढविणाऱ्या माथाडी कामगाराची स्थिती पाहा. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी-हमालांचा कायदा केला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या त्या व्यवस्थेत मजुरी माथाडी मंडळात जमा होते, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, आणि मालक बदलला तरी मंडळ राहते. कारखान्याच्या फाटकावर उभे राहिले की एकाच गाडीच्या मागे मंडळाचा माणूस दिसतो आणि पुढे, सुकाणूवर, केवळ शेठचा. संघटना का होत नाही, असे मी मामांना विचारले. "होईल कशी," ते म्हणाले. "जमायचं म्हटलं तर सगळे वेगळ्या वेगळ्या घाटात." २०२४ च्या जानेवारीत, अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाल्यावरून मात्र देशभर गाड्या उभ्या राहिल्या होत्या, आणि ते पोटकलम अमलात आणणे सरकारला लांबणीवर टाकावे लागले. शेठविरुद्ध अशा गाड्या कधी उभ्या राहिलेल्या नाहीत. तेथे एकेकट्याने नोकरी सोडणे हाच जुना उपाय, आणि चांगल्या ड्रायव्हरांचा दुष्काळ पडल्यापासून तो पुष्कळ परिणामकारकही झाला आहे; अट इतकीच, की उचल घेतलेली नसावी.

परतीची खेप

ताकईच्या विठोबाविषयी एक कथा सांगतात. तुकोबा मिरचीची पोती घेऊन घाट उतरून या बाजूला व्यापाराला आले. भोळेपणामुळे गिऱ्हाइकांनी उधारी बुडविली. आणि वसुलीला स्वतः पांडुरंगाला निघावे लागले. माझ्या स्नेह्याने ती मला देवळाच्या पायरीवर बसून सांगितली, तेव्हा शेजारून तो तरुण पटकन म्हणाला, "म्हणजे त्यांना पण पार्टी नव्वद दिवस फिरवत होती." धन्याची कणव त्याला अशी अवचित येते.

दुसऱ्या दिवशी परतीच्या खेपेला तळेगावाहून मी त्याच्या शेजारी बसलो. काट्याची चिठ्ठी समोरच्या काचेपाशी खोचलेली होती, अठ्ठावीस टन दोनशे. खंडाळ्याच्या पुढे धुके उतरले होते. घाटाच्या तोंडाशी त्याने गाडी हळू केली, गिअर खाली घेतला, इंजिनाने एक दीर्घ, नाखुशीचा हुंकार दिला आणि ते अठ्ठावीस टनांचे ओझे आमच्या पाठीवर हात ठेवून उभे राहावे तसे जाणवू लागले. डावीकडून मोटारी सूं करून निघून जात होत्या. त्याचा पाय ब्रेकवर क्वचितच जाई.

पहिल्या बोगद्याच्या अलीकडे फोन वाजला. 'घाटात उचलू नको.' तो वाजून थांबला. पुन्हा वाजला. चार वेळा वाजला. चारही वेळा त्या पडद्याच्या उजेडात त्याचा जबडा किंचित आवळलेला मला दिसला, पण हात सुकाणूवरून हलला नाही. खोपोलीच्या दिव्यांची रेघ खाली दिसू लागली, उतार सरळ झाला, आणि मोकळी जागा पाहून त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, खाली उतरून दहाही टायरांना एकेकदा हात लावून पाहिला. मग फोन केला.

"घाटात होतो शेठ."

पलीकडचे ओरडणे मलाही ऐकू येत होते. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि शेवटी अगदी साध्या, दमलेल्या आवाजात प्रश्न आला:

"पावती घेतलीस ना काट्याची?"

"घेतली शेठ," तो म्हणाला, आणि फोन खांद्याशी धरून त्याने वहीत किलोमीटर लिहायला घेतले.